दोन सूत फट

‘फिश टँकचं झाकण हा काय मासिकात लिहायचा विषय आहे?’ असं माझ्या रूममेटने विचारलं. पण गेल्या सेमिस्टरमध्ये मी मनापासून केलेलं डिझाइन तेवढं एकच, तेव्हा मंडळी, सांभाळून घ्या. मराठीही सांभाळून घ्या. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ‘एकोणऐंशी’ म्हणजे नक्की किती, हे मला अजून बोटांवर मोजावं लागतं.

एकोणऐंशी हे माझ्या आबांचं वय. ते दापोडीला एकटेच राहतात. तिथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांनी उभी हयात गाड्यांच्या बॉडीला पत्रे मारण्यात घालवली. आजीला जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या मागे एक काचेची टाकी राहिली आणि पाच निळे गुरामी. त्यातले दोन रात्री उडी मारून फरशीवर वाळून गेले. तेव्हापासून आबा टाकीवर पोळपाट आणि रद्दी ठेवायचे आणि घर सोडून कुठेही जाईनात. नारायणगावला त्यांची धाकटी बहीण असते, ती फोन करकरून थकली. ‘मासे आहेत’, एवढंच उत्तर.

तयार झाकण मिळालं असतं, पण टाकी आजीने काचवाल्याकडून कोनाड्याच्या मापाने बनवून घेतलेली, २७ बाय १३ इंच. या मापाचं झाकण कुठल्याच दुकानात नाही. शिवाय गुरामीला नुसतं झाकून चालत नाही. हा आग्नेय आशियातल्या संथ, उथळ पाण्यातला मासा. कल्ल्यांशिवाय डोक्यात हवेतून श्वास घेणारा एक अवयव असतो, म्हणून तो सारखा वर येऊन हवा गिळतो. म्हणजे पाणी आणि झाकण यांच्यात दोन इंच मोकळी हवा हवी, आणि ती कोंदलेली नको.

मी आकडेमोड करून पाहिली. ४ मिलिमीटर काच घेतली तर वजन सव्वादोन किलो. आबांची बोटं सांधेदुखीने वाकलेली, रोज दोनदा ही काच उचलायची आणि ओल्या हातातून निसटली तर? काच बाद. ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक पाऊण किलोच्या थोडं वर, पण ते खालच्या बाजूने ओल पितं, वरून कोरडं राहतं आणि काही दिवसांत मध्ये पोट सुटतं. शेवटी फुगेवाडीत छपरं बनवणाऱ्या एकाकडून पोकळ पॉलिकार्बोनेटचा उरलेला तुकडा आणला. ४ मिलिमीटर जाडी आणि वजन दोनशे ग्रॅमसुद्धा नाही. मेट्रोत तो छातीशी धरून उभी होते, लोकांना वाटलं पेंटिंग आहे.

आबांना तुकडा पाहूनच हसू आलं. ‘हे काय, खोका आणलास?’ मग माप. मी मिलिमीटरमध्ये बोलणार, ते सुतात. ‘चारी बाजूंनी दोन सूत फट ठेव.’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला कुठल्याच लेक्चरला कोणी सांगितलं नव्हतं. सव्वासहा मिलिमीटरच्या फटीतून हवा जाते, गुरामी जात नाही. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत ते पेन्सिलीने खूण करून मोकळे झाले होते.

झाकण मी काचेच्या कडांवर ठेवणार होते. आबा नको म्हणाले. एसटीच्या टपावर पाऊस बाहेर पडावा म्हणून वरचा पत्रा खालच्यावर चढवतात. इथे उलटं पाहिजे, झाकणाला जमलेलं पाणी परत आतच पडलं पाहिजे, नाहीतर कोनाड्याची भिंत ओली राहील. म्हणून टाकीच्या आतून काचेच्या पट्ट्या चिकटवून झाकण त्यांवर बसवायचं ठरलं. सिलिकॉन साधं, बुरशीनाशक नसलेलं घ्यावं लागतं, नाहीतर माशांना विष. वाळेपर्यंत दोन दिवस मासे बादलीत, बादलीवर चाळण. घरभर व्हिनेगरचा वास. आबा म्हणाले, ‘लोणचं घातलंस काय गं?’

पॉलिकार्बोनेटच्या उघड्या नळ्यांत ओल जाऊन शेवाळं धरतं, म्हणून कडांना अ‍ॅल्युमिनियमची यू-पट्टी. ती मात्र त्यांनी स्वतः बसवली, रिव्हेट मारून. हात थरथरत होते. मी पुढे झाले तर म्हणाले, ‘तू बॅटरी धर.’ पुढचा चार इंचाचा भाग बिजागरीवर उघडतो, खाणं टाकायला. दिवा १२ व्होल्टचा, झाकणाच्या वरून. त्याची वायर आधी खाली लोंबती ठेवून मग सॉकेटकडे नेली, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडेल.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आठवड्याला इंचभर उतरायचं, म्हणजे जवळजवळ पावणेसहा लिटर. तेवढी बादली आबा वाहायचे. आता तांब्याभर पुरतं. एक तोटाही आहे. वाफ होताना पाणी थंड व्हायचं, ते आता कमी होतं. म्हणून मे महिन्यात दुपारी पुढची फळी उघडून तिथे जाळी ठेवायची, असं ठरलंय.

पुढच्या आठवड्यात आबा चार दिवस नारायणगावला निघालेत, एसटीनेच. मासे माझ्याकडे. टाकीला चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे, मोठ्या अक्षरात, मला वाचता यावी म्हणून: ‘खाणं सकाळी एकदाच. एक चिमूट. तुझी नाही, माझी.’