रिंगेचा हुक

कॉलमच्या रिंगेचा हुक १३५ अंशांत वाकवायचा असतो. टोक काटकोनात थांबत नाही, कॉलमच्या पोटात वळतं. भूकंपात काँक्रीटचं कव्हर निखळलं की ९० अंशांचा हुक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. आत रुतलेलं टोक तग धरतं.

माझ्या पहिल्याच साइटवर एका अख्ख्या मजल्याच्या रिंगा काटकोनात वाकवून तयार होत्या. मी बोट दाखवलं तर फिटर म्हणाला, "साहेब, नकाशात असंच हाय." खरंच तसंच होतं. १:२० च्या नकाशात ६५ मिलिमीटरचा हुक जेमतेम ३ मिलिमीटर उरतो. ड्राफ्ट्समनने तेवढी रेघ सरळ ओढली होती. कडेला इंग्रजीत टीप होती, 'सर्व रिंगा आयएस १३९२० प्रमाणे', म्हणजे भूकंपासाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे. ती वाचणारा माणूस वाकवायच्या टेबलापाशी नव्हता. सगळ्या रिंगा भंगारात गेल्या.

तरीही मानकात शेवटचा शब्द चित्राचा नाही, मजकुराचाच हवा, असं मला ठामपणे वाटतं. आयएस १३९२० च्या १९९३ च्या आवृत्तीत हुकाचं सरळ टोक रिंगेच्या सळीच्या व्यासाच्या १० पट, किमान ७५ मिलिमीटर होतं. २०१६ मध्ये ते ६ पट, किमान ६५ झालं. ८ मिलिमीटरच्या रिंगेला आधी ८० लागायचे, आता ६५. यातला 'किमान' कसा काढणार? रेघ एकच लांबी दाखवते. तिच्यापेक्षा जास्त चालेल आणि कमी चालणार नाही, हे वाक्यालाच सांगता येतं.

पण कामाचा नकाशा म्हणजे मानक नव्हे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटी अटींत विसंगती आली, तर नकाशा आयएसच्या वर धरतात. नकाशातही मोजून काढलेल्या मापापेक्षा लिहिलेला आकडा मोठा. म्हणून नुसता मानकाचा क्रमांक टाकून मोकळं होणं मला पटत नाही. त्या मजल्यानंतर मी हुक वेगळा, पूर्ण आकारात काढतो. शेजारी १३५ आणि ६५ हे आकडे, खाली मराठीत आणि हिंदीत 'टोक आत, यापेक्षा आखूड नको'.

पहिली रिंग वाकवली की फिटर ती त्या चित्रावर ठेवतो. टोक रेघेच्या अलीकडे थांबलं, तर टेबलावरची खूण सरकवून दुसरी वाकवतो.