गावाच्या माथ्यावरचे रान

स्वित्झर्लंडमधील आंडरमॅट हे गाव पाहावे ते हिवाळ्यातच, असे पुष्कळांकडून ऐकले होते. म्हणून एका वर्षी नाताळची सुटी आम्ही तेथेच घालविली. गॉशेनेन स्थानकावर मोठी आगगाडी सोडून लहान गाडीत बसावे लागते. दातेरी रुळाच्या आधाराने ही गाडी शोलेनेनच्या घळीतून हळूहळू वर चढते. दोन्ही बाजूंना काळेकभिन्न कडे आणि तळाशी रॉइस नदी. या घळीवर पूल बांधणे माणसांना साधेना, तेव्हा तो सैतानाने बांधून दिला आणि मोबदल्यात पूल ओलांडणाऱ्या पहिल्या जिवावर हक्क सांगितला, अशी दंतकथा आहे. गावकरी मोठे वस्ताद! त्यांनी पुलावर आधी बोकड पाठवून दिला. कथा काहीही असो. तेराव्या शतकात येथे वाट झाली आणि आल्प्स ओलांडून इटलीकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांची वर्दळ सुरू झाली.

घळ संपताच एकाएकी रुंद, पांढरेशुभ्र खोरे समोर उघडते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १४४० मीटर उंचीवर आहे. लाकडी घरे, त्यांच्या छपरांवर हातभर बर्फ, आणि धुराड्यांतून सरळ वर जाणारा धूर. परंतु माझे लक्ष वेधले ते गावामागच्या उताराने. भोवतालचे डोंगर जवळजवळ उघडेबोडके; गावाच्या नेमक्या माथ्यावर मात्र हिरव्यागार स्प्रूस वृक्षांचा एक त्रिकोण उभा होता. एवढ्याच जागी रान कसे राहिले?

आमच्या खाणावळीचे वृद्ध मालक म्हणाले, “हे रान आहे, म्हणून गाव आहे.”

१३९७ साली या खोऱ्यातील लोकांनी एक करारपत्र लिहून ठेवले. या रानातील लाकूड कोणी तोडू नये. इतकेच नव्हे, तर फांद्या आणि झाडांची शंकूसारखी फळेही कोणी नेऊ नयेत, असे त्यांनी ठरविले. फळांतच पुढच्या झाडांचे बी असते, हे त्यांनी ओळखले असावे. आपल्याकडील देवराईतही कोणी काटकी मोडीत नाही. पण तेथे देवाचा धाक असतो. येथे माणसांनी स्वतःच स्वतःवर बंधन घालून घेतले होते. त्या बंधनाची किंमत काय असेल, ते हिवाळ्यात तेथे राहिल्यावाचून कळत नाही. बाहेर रक्त गोठविणारी थंडी, चुलीला सरपण हवे, आणि डोळ्यांसमोर उभे असलेले लाकूड तोडावयाचे नाही!

हे रान करते तरी काय? उघड्या उतारावर साचलेल्या बर्फाचा थर एकसंध असतो. तो एकदा निसटला, की मोठमोठे हिमलोट खाली धाव घेतात आणि वाटेतील घरेदारे गाडून टाकतात. झाडांच्या फांद्या पडते बर्फ झेलतात, ते तुकड्यातुकड्यांनी खाली पडते. आणि दाट खोडांमुळे खालचा थर जागच्या जागी खिळून राहतो. मात्र रानाच्या वरून, उंच कड्यांवरून निघालेला प्रचंड लोट झाडांनाही आवरत नाही. १९५१ च्या जानेवारीत असे झाले. आल्प्समध्ये कित्येक दिवस बर्फ कोसळत होते. आंडरमॅटवर एकामागून एक हिमलोट आले आणि तेरा माणसे दगावली. त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये डोंगरमाथ्यांवर बर्फ अडविणारे मजबूत अडसर उभारण्याच्या कामाला मोठा वेग आला.

आमच्या मुक्कामात दोन दिवस सारखे बर्फ पडले. तिसऱ्या दिवशी पहाटे डोंगरात धडाड्‌धूम असे आवाज झाले, खिडक्यांची तावदाने थरथरली. मी धावतच खाली गेलो. आजोबा शांतपणे पाव कापीत होते. बर्फ फार साचण्यापूर्वी सुरुंग लावून ते थोडेथोडे मुद्दाम पाडतात, असे त्यांनी सांगितले. १९५१ ची गोष्ट मात्र त्यांनी होऊन काढली नाही, आणि मीही विचारली नाही.

दुपारी उजाडल्यासारखे झाल्यावर आम्ही रानाच्या कडेपर्यंत चालत गेलो. हे सारे रान काही जुने नव्हे. मधल्या काळात ते पुष्कळ विरळ झाले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे पुन्हा लागवड करण्यात आली. या उंचीवर झाड फार सावकाश वाढते. बर्फातून शेंडे तेवढे वर काढून काही रोपे उभी होती. बर्फावरून घसरत जाण्याच्या पट्ट्यांच्या धारा त्यांचे शेंडे छाटून टाकतात, म्हणून खेळाडूंनाही रानात मज्जाव असतो.

रात्री जेवताना शेगडीत लाकडे तडतडत होती. ही कुठली, असे मी विचारले. आजोबांनी घळीच्या दिशेने बोट दाखविले. “खालच्या खोऱ्यातली,” ते म्हणाले, आणि आणखी एक ओंडका आत सरकवला.