हळद प्यायलेल्या दरजा

आमच्या स्वयंपाकघरात ऊन थेट येत नाही. समोरच्या इमारतीच्या काचांवरून उलटून ते ओट्यामागच्या भिंतीवर तिरकं उतरतं. त्या उजेडात टाइल्स नुसत्या लखलखतात, सांगत काहीच नाहीत. दिसतात त्या त्यांच्यामधल्या दरजा, भिंतभर आडव्याउभ्या, कुठे चहाच्या रंगाच्या, कुठे धुरकट, आणि शेगडीच्या मागे गर्द पिवळ्या.

टाइल काही ठेवून घेत नाही. हजार अंशांच्या पुढे भाजून तिच्या अंगावर काच चढलेली असते. तेल उडो, वाफ बसो, एका फडक्याने ती होती तशी होते. दरज मात्र पाण्याने घट्ट होते. गवंडी सिमेंट कालवतो तेव्हा थोडं पाणी जास्तच पडतं, आणि सुकताना ते ज्या वाटांनी निघून जातं त्या केसाहूनही बारीक वाटा तिच्या पोटात उघड्याच राहतात. मग वर्षानुवर्षं त्याच वाटांनी घर आत झिरपत राहतं: मोहरी तडतडताना उडालेलं तेल, कुकरच्या शिट्टीबरोबर उसळलेलं वरणाचं पाणी, दिवाळीच्या तळणीचा धूर, श्रावणात दिवसचे दिवस न हटणारी ओल, आणि फोडणीत पडता पडता हवेत क्षणभर तरंगलेली हळद.

पाणी गेलं, तहान राहिली.

दरजा उजळायला अनेक घरांत ॲसिड ओततात. फेस येतो, रेघ पांढरी दिसते, पण ती दिसते कारण सिमेंटचाच वरचा थर विरघळून गेलेला असतो. मला ते कधी पटलं नाही. डाग जावा म्हणून ज्याच्यावर तो बसलाय त्यालाच थोडं थोडं संपवायचं, ही कसली सफाई? मी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि जुना टूथब्रश घेऊन भिंतीशी बसले. तेलकटपणा सुटू लागला, करडं पाणी ओघळू लागलं. आणि शेगडीमागे आले तर ब्रशखालची पिवळी रेघ बघता बघता तांबडी झाली. हळदीला क्षार भेटला की ती लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकूही याच भेटीतून होतं. हे ठाऊक असूनही हात थांबला. या भिंतीपाशी उभं राहून आईने केलेल्या सगळ्या फोडण्या एकदम कुंकवाच्या रंगात वर आल्या होत्या. आई मागे येऊन उभी राहिली. काही न बोलता तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि पदराला पुसलं.

खिडकीजवळच्या दरजांत मात्र हळद जवळजवळ उरलीच नव्हती. उन्हापुढे तिचं काही चालत नाही.

भिंत स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण 24 तास वाळू दिली. ओल राहिली तर रंग धरत नाही, म्हणून शेगडी बंद. आम्ही दोघींनी दहीपोह्यांवर भागवलं. ग्राउटच्या रंगाची बाटली अगदी लहान असते, आणि दुकानात तिच्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत कितीतरी छटा मिळतात. आईला पांढरा हवा होता. मी राखाडी निवडला, ढगाळ दुपारच्या रंगाचा, कारण पांढऱ्या रेघा राखायच्या तर स्वयंपाकाची धास्ती बाळगावी लागते, आणि आमच्या घरात आजवर ती कुणी बाळगलेली नाही.

दोन-तीन मिलिमीटरची रेघ आणि बारीक कुंचला. डोळ्यांत काजळ घालताना थांबतो तसा श्वास आपोआप थांबतो. रंग दरजेत उतरतो, थोडा काठावर सांडतो, आणि तो सुकायच्या आत ओल्या फडक्याने टाइलवरून पुसून घ्यावा लागतो. रेंगाळलं तर तो काचेलाही चिकटून बसतो. म्हणून घाई आणि सबुरी एकाच हातात. चार टाइल्सचे कोपरे जिथे मिळतात तिथे कुंचला जरा टेकवायचा, वळवायचा, पुढे न्यायचा. दुपार कधी कलली कळलं नाही. रंगामागोमाग भिंत सलग होत गेली आणि माझ्या मनात मात्र एकच विचार फिरत होता, की आत सगळं तसंच आहे, तेल, धूर, लाल झालेली हळद. वर फक्त एक पातळ पापुद्रा आलाय, आणि पाण्याने सोडलेल्या त्या वाटांची तोंडं इतक्या वर्षांनी मिटतायत.

रंग पक्का झाल्यावर आईने पहिली आमटी केली. हिंग, मोहरी, हळद. नेहमीसारखीच हळद उडाली, भिंतीवर ठिपके बसले, तिने फडकं फिरवलं आणि राखाडी रेघ जशीच्या तशी राहिली. फडकं मात्र पिवळंधमक. ते धुवायला तिने सोड्याचा डबा काढला.

"सोडा नको गं आई, लाल होईल. नुसतं उन्हात टाक."