पोटरीच्या आधी

ज्वारीचं कणीस आपल्या नजरेला पडतं तेव्हा ते चांगलं तीन आठवड्यांचं झालेलं असतं. पानांच्या आवरणात, ताटाच्या पोटात, कुणालाही पत्ता लागू न देता ते घडलेलं असतं. आपण बांधावरून पाहतो आणि म्हणतो, “निसवली बरं का!” जणू आजच सुरुवात झाली.

खरी सुरुवात डवरणीच्या दिवसांतली. जूनअखेर पेरलेली ज्वारी उगवून महिना होत आलेला असतो. घाटावर, चिखली-मेहकरकडच्या काळ्या रानात पावसाची झड लागलेली, मध्येच दोन दिवसांची उघडीप, तेवढ्यात डवऱ्याचा फेरा उरकून घ्यायची घाई. ताटं गुडघ्याला लागलेली. तोवर रोपाचा शेंडा जमिनीखालीच दबा धरून असतो; म्हणून तर कोवळेपणी शेळीने पानं ओरबाडली तरी रोप पुन्हा फुटून येतं. मग तो मातीच्या वर सरकतो आणि त्याच सुमारास नवी पानं काढायचं काम कायमचं थांबवतो. किती पानं यायची ते ठरून गेलेलं असतं. यापुढे कणीस.

पाहायचं असेल तर एक ताट मुळासकट उपटावं, पानं एकेक सोलावीत आणि उरलेला कोंब ब्लेडने उभा चिरावा. पोंग्याच्या अगदी तळाशी पांढुरका, ओलसर ठिपका दिसतो. नुसत्या डोळ्याला एवढंच. भिंग लावलं की फरक कळतो. आठवड्यापूर्वी चिरलेल्या ताटात तो गुळगुळीत घुमट होता, बगलेतून पानाची कड तेवढी उचललेली. आता तो लांबट झालाय आणि त्याच्या अंगावर बारीक बारीक गाठी उठल्यात. प्रत्येक गाठ ही कणसाची एक फांदी. त्या फांदीला पोटफांद्या, पोटफांद्यांना कणिशकं, कणिशकात फूल. वितीएवढं कणीस मोहरीच्या दाण्याहून लहान जागेत मांडलेलं असतं.

“काय पाहून राह्यले भाऊ?” डवरा थांबवून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं होतं. भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावला, मग भिंग परत करत म्हणाले, “हे त आमाले निसवल्यावरच समजते. पण पानाच्या रंगावरून येते अंदाज.” अंदाज त्यांचा खराच होता. पानं फिकट पडली की ते खताचा हात मारायचे, आणि तो हात नेमका या आठवड्यात पडायचा.

कॅन्ससमधल्या व्हँडरलिप आणि रीव्ह्ज या दोघांनी १९७२ मध्ये ज्वारीच्या वाढीला ० ते ९ असे आकडे दिले. उगवण म्हणजे शून्य, तीन पानं म्हणजे एक, पाच पानं म्हणजे दोन. शेंडा कणसाकडे वळतो तो तिसरा टप्पा, पोटरी पाचवा, निम्म्या कणसांवर फुलोरा आला की सहावा. हुरडा सातव्यात येतो. दोन वर्षांनी हॉलंडच्या झाडोक्सने गहू-जवसारख्या पिकांसाठी ०० ते ९९ अशी लांबलचक पट्टीच आखली. आपल्याकडे पोटरीपासून पुढचं सगळं गावाला तोंडपाठ असतं. तिसऱ्या आकड्याची तेवढी खबर नसते, कारण तो दिसतच नाही.

एका कामात मात्र तिसऱ्या आकड्यावाचून चालत नाही. संकरित ज्वारीच्या बीजोत्पादनात नर आणि मादी वाणांच्या ओळी शेजारी-शेजारी असतात. मादीच्या फुलांत परागच धरत नाहीत; नर तिच्याबरोबर फुलला तरच दाणा. दोघांत आठवड्याचा फरक पडला तर प्लॉट गेला. म्हणून तिथे महिन्याच्या ज्वारीची ताटं चिरून पाहतात, कोण पुढे आणि कोण मागे ते ठरवतात, आणि मागे पडलेल्या ओळींवर युरियाची फवारणी करून त्यांना रेटतात. आमच्या देऊळगावराजाला खेटून असलेल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये महिको काढली. भारतातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली तीही त्याच वर्षी.

फुलोरा पाहायला उजाडण्याआधी जावं लागतं. ज्वारीचं फूल मध्यरात्रीनंतर उमलू लागतं, आणि सकाळी नऊला जाणाऱ्याला वाळत चाललेले परागकोश लोंबताना दिसतात. कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं. वरचा भाग पिवळा आणि खालचा अजून हिरवा, असं आठवडाभर चालतं. जवळून पाहिलं तर कणिशकं जोडीने असतात: एक बिनदेठाचं, फुगीर, दाणा धरणारं, दुसरं देठावरचं, किडकिडीत, बहुधा नुसतं नर. फुगीर कणिशकाची तुसं थोडी विलगतात, पिसासारख्या दोन कुक्षी डोकावतात आणि तीन परागकोश बारीक तंतूंवर बाहेर लटकतात. वाऱ्याची झुळूक आली की पिवळी धूळ उडते. पुढे तासाभरात तुसं मिटून घेतात.

एवढ्या वेळात मिजमाशीही आपलं काम साधते. चिलटाहून लहान, नारिंगी पोटाची, जेमतेम दिवसभर जगणारी. उघड्या फुलात ती अंडं घालते आणि दाण्याच्या जागी पोचट तूस उरतं. सगळ्या शिवाराची पेरणी एकाच वेळी झाली तर तिला फुलं थोडेच दिवस मिळतात. एकाने आज आणि दुसऱ्याने वीस दिवसांनी पेरलं की उशिरावाला मरतो. शेजाऱ्याशी बोलचाल नसली तरी त्याची पेरणीची तारीख माहीत असावी, ती याच कारणाने.

तारखेचाच विषय निघाला म्हणून सांगतो. वऱ्हाडात कोजागरीला भुलाबाईपुढे ज्वारीच्या पाच धांड्यांची माडी उभारतात. कणसासकट धांडे, ताजे. हा रिवाज ठरवणाऱ्यांना जुन्या ज्वारीचा स्वभाव पक्का माहीत असणार. ती ज्वारी दिवसाची लांबी मोजायची. आपल्याकडे जूनमध्ये दिवस १३ तासांहून मोठा असतो. तो लहान होत गेल्याशिवाय ती फुलायला तयार नसे. कुणी पंधरा दिवस आधी पेरलं, कुणी नंतर, तरी ती निसवायची पाऊस सरता सरता, दसऱ्याच्या आगेमागे. दाणा कोरड्या हवेत भरायचा, मोत्यासारखा पांढरा. माणसाच्या डोक्यावरून हातभर उंच वाढायची आणि पाच महिने घ्यायची, हेही खरंच. बैलांना कडबा मात्र भरपूर.

संकरित ज्वारीने ही वाट पाहणं सोडलं. बुटकी, भरघोस कणसाची, साडेतीन महिन्यांत हातात येणारी. पोती वाढली आणि त्या काळी ती वाढायलाच हवी होती. यावर आज नाक मुरडणाऱ्यांनी तेव्हाची रेशनची रांग आठवावी. पण तिचा दाणा भरू लागला तो भर पावसात. भादव्याची झड कणसावर बसली की बुरशी धरते आणि दाणा काळा पडतो. काळ्या ज्वारीची भाकरी कडसर लागते, बाजारात तिला कोणी विचारत नाही. पुढे सोयाबीन आलं, काही भागात मका आला आणि खरिपाची ज्वारी बांधाकडे सरकली. आता कोजागरीचे धांडे बाजारातून विकत आणावे लागतात. सोयाबीनचा भाव हे एक कारण झालंच. पण माझ्या मते ज्वारी हटली त्यात फुलण्याची तारीख महिनाभर अलीकडे आली, याचाही मोठा वाटा आहे.

नवव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्याची खूण दाण्याच्या तळाशी असते. दाणा कणसातून सोडवून उलटा धरला, की जिथे तो चिकटलेला असतो तिथे काळा ठिपका दिसतो. तो आला म्हणजे ताटाकडून दाण्याला येणारी रसद संपली. पानं हिरवी दिसोत, आता दाणा तीळभरही वाढायचा नाही. ओल अजून बरीच असते. पावसाळी हवामान असेल तर याच वेळी कणसं कापून आडोशाला वाळवावीत, बुरशी पुष्कळ टळते, असं कृषी विद्यापीठं सांगत आलीत आणि ते बरोबर आहे. गेल्या हंगामात राजूर घाटाच्या खाली मोताळ्याकडे एकाच्या रानात दोन एकर ज्वारी उभी होती. चार कणसांतले दाणे काढून पाहिले, सगळ्यांना ठिपका. वर आभाळ भरून आलेलं. त्यालाही दाखवला. त्याने दाणा दाताखाली फोडला, थुंकला आणि म्हणाला, “ठिपका आला हो, मलेबी दिसते. पण सोंगाले माणसं कुठून आणू? सारे सोयाबीनवर गेले.”