हरण्याचं सुख

हरण्यातही सुख असतं, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण बुद्धिबळात वजीर गमावून ‘ते प्यादं पुढं सारायला नको होतं’ म्हणून ज्यानं रात्रभर कूस बदलली असेल, त्याला माझं म्हणणं पटेल. हार आपली स्वतःची असते, म्हणून तर ती शिकवते.

डावपेचांचे व्हिडिओ गेम मला आवडतात ते याचसाठी. शाळा सुटली की मुरूडच्या घरी मी आणि माझा मुलगा संगणकापुढं बसतो. आठदहा शिपाई, एक टेकडी, एक पडकी भिंत. एक चाल आपली, एक शत्रूची. कुणाला आडोशाला ठेवायचं, कुणाला पुढं धाडायचं, याचा खल चालतो आणि ताटातला भात निवून जातो.

गेल्या चैत्रात हौसेनं घेतलेल्या एका गेमनं मात्र विरस केला. आडोशाला बसवलेला शिपाई भिंतीतच रुतून बसे. धडधाकट भिंतीतून शत्रूची गोळी आरपार येई. तीन संध्याकाळी खपून जिंकत आणलेला डाव चौथ्या दिवशी उघडेचना! मुलानं विचारलं, “बाबा, आपलं काय चुकलं?” काहीच चुकलं नव्हतं. दुःख तेच होतं.

हे दुखणं आमच्यापुरतं नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा बहुचर्चित गेम बाजारात आला तो इतका सदोष, की आठदहा दिवसांत सोनीनं तो आपल्या प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून घेतला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. पुढं तो पुष्कळ सुधारला. पूर्वी गेम तबकडीवर येई. ती एकदा विकली की दुरुस्तीची फारशी सोय नसे. आता इंटरनेटवरून मागाहून ठिगळ लावता येतं. मग फाटकंच वस्त्र विकायला काढण्याचा मोह होतो.

अपुरेपणाचा मला राग नाही. आमच्या राजपुरीच्या खाडीत १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी जंजिऱ्यापर्यंत भर घालायला घेतली. मोगली फौज कोकणात उतरली आणि ते काम अर्ध्यावर राहिलं. पण ते पुरं झालं, असं कुणी कुणाला सांगितलं नाही. आणि जवळच समुद्रातला पद्मदुर्ग पाहा. खाऱ्या लाटावाऱ्यांनी तटाचे दगड झिजून आत गेले, पण सांध्यांतला चुना अजून जागच्या जागी उभा आहे. तो सांधा भरणारा गवंडी ‘मागाहून बघू’ म्हणाला नसणार.

आज तुमच्या अंगणात मुलांनी मातीचा किल्ला केला असेल. त्याचा बुरूज ढासळला तर तो साऱ्यांना दिसतो. मुलं हात चिखलात घालून तो आधी उभा करतात, मगच मावळे मांडतात. त्या बाजारातल्या गेमकडून माझी मागणी याहून मोठी नव्हती. आम्हाला हरवा, खुशाल हरवा. पण बुरूज आधी उभा करा.