उपासनेतला खर्ज

कवितेतल्या नादाविषयी मराठी समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गायल्या जाणाऱ्या कवितेच्या तळाशी जो खर्ज वाजत असतो, त्यामुळे शब्द तरतो की बुडतो, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. आम्हांलाही तो पडला नसता. पण आमच्या मंडळीच्या पंचांनी रविवारच्या उपासनेसाठी बेस गिटार आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर निवडण्याचे काम आम्हां दोघांवर सोपवले. आम्ही नवराबायको मराठी शिकवतो. वाजवणारा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पंचांचे म्हणणे असे, की त्याला वाद्य कळते, तुम्हांला गाणी कळतात, तेव्हा तिघांनी मिळून ठरवा.

गाणी म्हणजे ‘उपासना संगीता’तली. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि त्याच्या आसपास एकोणिसाव्या शतकातच मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन-भजनाचा घाट आपलासा केला. पुढे नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्तीला अभंगाची बोली दिली. आमच्याकडे ही गाणी पेटी, तबला आणि टाळ यांवर होतात. मुख्य गायक चरण म्हणतो, मंडळी तो झेलते. आमच्यातल्या कित्येक आजींच्या हाती पुस्तक नसतेच. अक्षर बारीक, चष्मा जुना. त्यांचे सारे गाणे कानावर चालते. चरणाचा पहिला शब्द कानी पडला नाही, तर त्या गप्प बसतात. उलट तरुण मुलांना खर्जावाचूनचे गाणे पोकळ वाटते, आणि ती दुसऱ्या कुठल्या उपासनेकडे वळतात. म्हणजे चुकीचा बेस आणला तर एक पिढी मुकी होणार आणि आणलाच नाही तर दुसरी निघून जाणार, अशी ही खरेदी होती.

‘हे परके वाद्य कशाला?’ हा आक्षेप आम्ही फार मनावर घेतला नाही. पेटीही युरोपातूनच आलेली. आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढले होते आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. आज पेटीविना भजन कल्पून पाहावे!

वाद्याच्या बाबतीत निर्णय तुलनेने सोपा होता. लिओ फेंडरने १९५१ साली ‘प्रिसिजन’ बेस बाजारात आणला. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. १९५७ पासून त्याला दोन तुकड्यांचा पिकअप आला आणि त्या रचनेत विजेची घरघर आपोआप कटते. ज्यांच्या मंदिरातले वायरिंग जुने आहे आणि अर्थिंगवर कोणाचा भरवसा नाही, त्यांनी ही गोष्ट रंगरूपाच्या आधी पाहावी. आम्ही त्याच जातीचा पिकअप असलेला, बॅटरीविना चालणारा, चार तारांचा यामाहाचा टीआरबीएक्स १७४ निवडला. बॅटरीवर चालणारे बेस वाईट नसतात. पण ९ व्होल्टची बॅटरी प्रार्थनेच्या मध्यावरच संपते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

वाद झाला तो पाचव्या तारेवरून. मुलगा म्हणाला, “सर, पाचवी तार नसेल तर आजची निम्मी गाणी वाजणारच नाहीत.” इंग्रजी-हिंदी गाण्यांपुरते त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु आमची भजने बहुधा काळी एकमध्ये असतात. चार तारांवर तो सा ‘ए’ तारेच्या चौथ्या पडद्यावर मिळतो आणि शेजारच्या जाड ‘ई’ तारेवर, त्याच पडद्यावर, त्याच्याखालचा पंचम. तंबोऱ्याला लागणारे दोन्ही स्वर एका बोटाखाली! पाचव्या तारेवरचा त्याहून खालचा सा सेकंदाला जेमतेम ३५ कंपनांचा. लहान स्पीकर तो मूळ स्वर जवळजवळ देतच नाही. वरचे उपस्वर ऐकून कान तो मनाने भरून काढतो. (आनंदवर्धनाला हे फार आवडले असते.) ऐकू न येणाऱ्या स्वरासाठी मंडळीचे पैसे खर्च करायला आमची लेखणी धजेना.

अ‍ॅम्प्लिफायर हा मात्र या सगळ्या प्रकरणाचा गाभा. लोक बेस निवडायला चार महिने घेतात आणि अ‍ॅम्प्लिफायर अर्ध्या तासात उचलून आणतात. कोठीत पडलेल्या साध्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरवर भागवण्याची सूचनाही झाली. तसे करू नये. खर्जाच्या धक्क्याने त्याचा स्पीकर फाटू शकतो. दुसरे टोक म्हणजे ‘जितके वॅट जास्त तितके बरे’. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला दुप्पट मुळीच वाटत नाही. आणि आम्हांला मोठा आवाज हवाच कुठे होता?

आमच्या मंदिराच्या भिंती दगडी आहेत. ‘ई’ तार मोकळी छेडली की ४१ कंपनांचा स्वर निघतो. त्याची एक लाट सुमारे ८ मीटर लांब. माणसे आणि त्यांचे कपडे उंच स्वर शोषून घेतात, खर्ज फारसा शोषत नाहीत. म्हणून नाताळात मंदिर भरले की गाणे उजळण्याऐवजी गढूळ होते. त्यात ऐकण्याचा नियम असा, की जोरकस खालचा स्वर वरच्या स्वरांना झाकतो. वरचा खालच्याला तितकासा झाकू शकत नाही. आणि क, त, स ही व्यंजने ओळखू येतात ती बहुतांशी हजार कंपनांच्या वर. अभंगाचा अर्थ जिथे राहतो, नेमके तेच घर खर्ज झाकतो. म्हणून आम्ही १०० वॅटचा, १२ इंची स्पीकरचा, जेमतेम १० किलोचा फेंडर रंबल घेतला. त्यातून मिक्सरलाही सरळ जोडणी देता येते. २०० ते २५० कंपनांच्या पट्टीत आवाज थोडा कापला, तेव्हा चरणांची सुरुवात मागच्या बाकापर्यंत पोचली. तारा सपाट वेटोळ्यांच्या घातल्या. त्यांची चकाकी कमी, बोटांची खरखर नाही आणि नाद लवकर विझतो. मोटाउनचा जेम्स जेमरसन अशाच तारांवर आयुष्यभर वाजवत राहिला, हे सांगितल्यावर मुलाचा विरोध मावळला.

तरीही विकत न मिळणारा भाग उरतोच. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्याच्या शेवटी. बेस वाजवणाऱ्याला हात चालवण्याचा मोह नेमका चरण संपताना होतो, म्हणजे यमकाच्या डोक्यावर. वर्गात आम्ही ज्या अक्षरावर बोट ठेवतो, तेच त्या लकेरीखाली चिरडले जाते. चौथा चरण आखूड असल्याने तिथे खरी मोकळी जागा मिळते. मुलाला ती दाखवली, तर त्याने आम्हांला उलट विचारले, की हे पुस्तकात लिहिलेले का नसते.

तबलजी मामांनी त्याला आणखी एक गोष्ट दिली. खालीच्या मात्रांत डग्गा मुका होतो. ठेक्याचा श्वास तिथे असतो. बेसने ती जागा भरली, तर खाली आणि भरी यांतला भेदच नाहीसा होतो. आता तो खाली आली की तळहाताने तारा दाबून धरतो. डग्ग्याचा घुमारा आणि बेस एकाच पट्टीत भांडत होते, तेही त्यामुळे थांबले.

अ‍ॅम्प्लिफायर सध्या तबल्याशेजारी, लाकडी पेटीवर थोडा तिरका ठेवला आहे. तो कोपऱ्यात सरकवा, असे म्हणणारे अजून आहेत, कारण कोपऱ्यात खर्ज अधिक मोठा वाटतो. ते खरेच आहे, आणि त्यासाठीच तो तिथे ठेवलेला नाही. पाचव्या तारेचा विषय मुलाने नाताळानंतर पुन्हा काढायचे ठरवले आहे.