कॅप्टन जटार : एक स्मरण

ग्वाल्हेरचे नाव निघाले की संगीत आठवते, किल्ला आठवतो, शिंदेशाही आठवते. या गावाचा विमानाशी संबंध जोडावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि भारतातील नागरी विमानवाहतूक पाळण्यात होती तेव्हाच ग्वाल्हेर तिच्या नकाशावर आले होते. १९३७ साली टाटांच्या हवाई कंपनीने मुंबई–दिल्ली सेवा सुरू केली, त्या वेळी तिचे विमान इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर असे थांबे घेत दिल्लीस पोहोचत असे. इंदूर होळकरांचे, ग्वाल्हेर शिंद्यांचे. ज्या वाटेने आपले पूर्वज घोड्यांवरून उत्तरेस आले, जवळजवळ त्याच वाटेवरून ते लहानगे विमान जाऊ लागले, ही गोष्ट आम्हांस नेहमीच मौजेची वाटत आली आहे. इंग्लंडहून पूर्वेकडे जाणाऱ्या इम्पीरियल एअरवेजच्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनाही त्याच सुमारास ग्वाल्हेरजवळच्या माधोसागर तलावाचा थांबा होता.

नया बाजारातील आमच्या घरी वडीलधारी मंडळी त्या दिवसांच्या गोष्टी सांगत. आकाशात घरघर ऐकू आली की हातचे काम टाकून माणसे गच्चीवर धावत, बायका स्वयंपाकघरातून अंगणात येत. आज महाराजपुऱ्याच्या तळावरून वायुदलाची मिराज विमाने कानठळ्या बसवीत उठतात, तेथील विमानतळास राजमाता विजयाराजे शिंदे यांचे नाव आहे, आणि कोणी मान वर करूनही पाहत नाही. सवयीने नवल संपते. तो मनुष्यस्वभावच आहे. परंतु नवलाबरोबर ते घडविणारी माणसेही विस्मरणात जातात, तेव्हा मनाला चुटपुट लागते.

त्या आरंभीच्या वैमानिकांचे जिणे कसे होते, याची कल्पना आजच्या प्रवाशास येणे कठीण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान अहमदाबादमार्गे मुंबईस आणले आणि जुहूच्या मातीच्या धावपट्टीवर उतरविले. जमिनीशी बोलण्यासाठी त्या विमानात बिनतारी यंत्र नव्हते. तेथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासेस टपाल नेले ते त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. टाटांना ही योजना सुचविणारे हेच गृहस्थ. पुढे १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, विमानप्रवासातच त्यांचा अंत झाला. खाली दिसणारी नदी, रेल्वेचे रूळ, डोंगराची ओळखीची सोंड, हीच त्या काळी वाट दाखविणारी साधने. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरले की मुक्काम पुण्यास हलवावा लागे. आणि एवढे करून पहिल्या वर्षभरात प्रवासी मिळाले अवघे १५५!

या पायावर जी इमारत उभी राहिली, तिच्यातील एका मराठी वैमानिकाचे स्मरण आज आम्हांस करावयाचे आहे. त्यांचे नाव कॅप्टन डी. के. जटार.

प्रथम प्रसंग सांगतो. १९५५ च्या एप्रिल महिन्यात इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया व आफ्रिका खंडांतील २९ राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. चीनच्या शिष्टमंडळातील काही मंडळी व पत्रकार यांना तेथे नेण्यासाठी चीन सरकारने एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान भाड्याने घेतले. चार इंजिनांचे, लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे ते विमान. टाटांच्या पहिल्या टपाल-उड्डाणास तेव्हा तेवीस वर्षेही पुरी झाली नव्हती आणि आपले वैमानिक परराष्ट्रांच्या प्रतिनिधींना घेऊन समुद्रापार जात होते! ११ एप्रिल रोजी दुपारी ‘काश्मीर प्रिन्सेस’ हाँगकाँगहून जकार्तास निघाले. आत ११ प्रवासी आणि ८ कर्मचारी, असे एकूण १९ जण. विमानाची सूत्रे कॅप्टन जटार यांच्या हाती होती.

सुमारे पाच तास प्रवास सुरळीत झाला. विमान १८,००० फुटांवर होते. खाली दक्षिण चिनी समुद्र, जवळ नातुना बेटे. एकाएकी स्फोट झाला. उजव्या पंखाखाली, जेथे चाके आत ओढून घेतली जातात त्या पोकळीत, कोणी तरी कालबाँब दडवून ठेवला होता. पंखातील इंधनाच्या टाकीस भोक पडून आग लागली. विमानात धूर भरू लागला. कॅप्टनने तिसरे इंजिन बंद केले. यंत्रे एकामागून एक निकामी होत असताना विमानाचा ठावठिकाणा सांगणारे तीन संकटसंदेश गेले आणि मग बिनतारी यंत्र मुके झाले. प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देण्यात आली, संकटकाळची दारे उघडण्यात आली. विमान समुद्रावर उतरविण्याची पराकाष्ठा चालली होती. परंतु उजवा पंख आधी पाण्यास लागला आणि विमानाचे तुकडे झाले. १६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कॅप्टन जटार होते, हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी होत्या. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे तिघे तेवढे वाचले.

चौकशी झाली. भारताच्या वतीने तपासात भाग घेण्यासाठी रामनाथ काव यांना पाठविण्यात आले. पुढे भारताच्या परदेशी गुप्तवार्ता-संघटनेचे पहिले प्रमुख झाले ते हेच. समुद्रतळाहून काढलेल्या अवशेषांत बाँबचे भाग मिळाले. संशय हाँगकाँगच्या विमानतळावरील एका सफाई-कामगारावर आला. कुओमिन्तांगच्या हेरखात्याने त्याच्याकडून हे कृत्य करविले, असा तेथील अधिकाऱ्यांचा निष्कर्ष होता. तो मात्र तोवर तैवानला पळून गेला होता. घातपाताचा रोख चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यावर होता. ते त्या विमानात बसलेच नव्हते. काही दिवसांनी रंगूनमार्गे ते बांडुंगला सुखरूप पोहोचले.

आमच्या शासकीय शाळेत इतिहासाच्या तासाला बांडुंग परिषद येते. काही वर्षांपूर्वी एका वर्गात आम्ही हा घातपाताचा वृत्तान्त सांगत होतो. कट कोणाचा, लक्ष्य कोण, तपास कसा झाला, हे सारे मुले डोळे विस्फारून ऐकत होती. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि त्याने विचारले, “सर, हवाई जहाज़ चला कौन रहा था?” आम्ही नाव सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतले आणि तो खाली बसला.

तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. या घटनेवर जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु बहुतेक लिखाण विमानात नसलेल्या माणसाभोवती फिरते. जो वाचला तो मोठा मुत्सद्दी, म्हणून इतिहासाने त्याची नोंद केली. ज्याने बाँब ठेवला त्याचीही केली. आणि पेटलेले विमान शेवटच्या क्षणापर्यंत ज्याने सोडले नाही, त्याच्या वाट्यास एखादी ओळ येते. राजकारणाशी त्याचा काय संबंध होता? आपल्या विमानात कोणत्या देशाचे, कोणत्या मताचे लोक बसले आहेत, हे त्याने पाहिले नाही. आपल्या हवाली केलेले जीव खाली सुखरूप पोहोचवावयाचे, एवढेच त्याचे काम. पूर्वी टपालाची थैली ज्या निष्ठेने पोहोचविली जाई, तीच ही निष्ठा. फक्त आता थैलीच्या जागी माणसे होती.

सरकारने या कर्तव्यनिष्ठेची कदर केली. जटार, बेरी, दीक्षित, पाठक व कर्णिक या पाचही जणांना अशोकचक्र सन्मान मिळाला. तो मिळविणारे हे पहिले नागरिक. तरीही पदकापेक्षा मोठे काम कर्णिकांच्या हातून झाले, असे आम्हांस वाटते. हा यंत्रांची देखभाल करणारा माणूस. परंतु वाचून आल्यावर त्याने लेखणी हाती घेतली आणि विमानाच्याच नावाचे इंग्रजी पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध केले. मरणाच्या दारातून परतलेल्याने आपल्याबरोबरच्या माणसांची साक्ष दिली. साहित्यशास्त्राच्या पुस्तकांत आम्ही लेखनाची अनेक प्रयोजने वाचली आणि पुढे शिकविलीही. त्यांत यश आहे, अर्थ आहे, व्यवहारज्ञान आहे. गेलेल्याची साक्ष ठेवणे हे प्रयोजन तेथे आम्हांस आढळले नाही. कर्णिकांकडे पाहिले की तेच सर्वांत थोर वाटू लागते.

आपण बृहन्महाराष्ट्रातील माणसे पिढ्यान् पिढ्या घरापासून दूर राहिलो. आपल्या घराण्यांत कोणी तोफखान्यात होते, कोणी टपालखात्यात, कोणी रेल्वेत. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. त्यांनी परक्या मुलखात परक्या माणसांचे काम आपले समजून केले, म्हणून आपणांस येथे मान मिळाला, घर मिळाले. जटारांचे नाव आम्हांस त्याच मालिकेतले वाटते, आणि म्हणून ते आपल्या घरांतून उच्चारले जावे असा आमचा आग्रह आहे. ११ एप्रिल हा दिवस दरवर्षी येतो. त्या दिवशी संध्याकाळी मुलांना जवळ बसवून एवढी एक गोष्ट सांगावी. ती सांगण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. कट कोणी केला हे मागाहून सांगितले तरी चालेल; विमान कोण चालवीत होते, हे मात्र आधी सांगावे.